इंजिनातली गव्हाची चाळणी

माझ्या गाडीच्या इंजिनात गव्हाची चाळणी बसवलेली आहे. कोणाला सांगितलं की आधी हसतात, मग विचारतात, "काहून बाप्पा, गाडीत पोळ्या करता का?" मीही हसते. पण ती चाळणी तिथं आली नसती तर माझे बाबा आज अनसिंगच्या घरात खाटेवर पडून भिंतीकडे पाहत राहिले असते. म्हणून एकदा ते सगळं नीट सांगून टाकते. त्यात माझी शोभा झालेली आहे, तीही सांगते.

गाडी जुनी आहे, माझ्याहूनही जुनी. पाठ गोल, पुढचे दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे. आमच्याकडे सगळे तिला कासवगाडी म्हणतात. तिचं सगळंच उलटं. डिकी पुढे आणि इंजिन मागे. शिवाय तिला रेडिएटर नाही, पाण्याचा थेंब लागत नाही. मागच्या काचेखाली फटी आहेत, त्यातून हवा आत येते. आत एक पंखा आहे, तो वीतभर रुंदीच्या गोल तोंडातून ती हवा ओढतो आणि तापलेल्या इंजिनावर फेकतो. एवढंच. त्या तोंडात चिंधी गेली, पाला गेला, भुसा गेला की वारा अडतो आणि इंजिन आपल्याच तापानं जळतं. बरं, ताप दाखवणारा काटाही या गाडीला नाही. बाईसाहेब आजारी आहेत हे आपण वासावरून ओळखायचं.

बाबांनी जन्मभर अनसिंगला शेतातले पंप आणि इंजिनं दुरुस्त केली. तिथल्या एका डॉक्टरांची ही गाडी. ते गाव सोडून गेले तेव्हा ती लिंबाखाली पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बाबांनी बैलजोडी लावून ती घरी ओढत आणली आणि वर्षानुवर्षं खपून चालती केली. मिळाला तो सुटा भाग आणला, नाही मिळाला तो स्वतः घडवला. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी किल्ली मला दिली, भावाला नाही. मला म्हणाले, "तुहा भाऊ दुसऱ्या दिवशी इकून टाकीन. तू भांडशीन सगळ्याईशी, पन इकशीन नाई." आणि म्हणाले, "तेल पाहत जाजो. अन निघायच्या आधी झाकन उघडून पंख्याच्या तोंडाशी काई पडलं तं नाई, ते पाहत जाजो. बाकी तिले काई होत नाई."

भांडशीन हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. माझा राग नाकावर असतो आणि जिभेला हाड नाही.

मग बाबा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालायलाही लागले. पण एसटीची पायरी चढवेना, मोटरसायकलवर टांग टाकवेना, ऑटोत पाय दुमडेना. त्यांना बसता यायचं ते एकाच गाडीत. कासवगाडीचं दार चांगलं रुंद, सीट त्यांच्या मापाची. आधी पाठ टेकवायची, मग एकेक पाय आत घ्यायचा. म्हणून दर रविवारी मी वाशीमहून अनसिंगला जायचे आणि त्यांना आमच्या मळ्यात आणायचे. मळा वाशीमला लागूनच आहे, घरही तिथंच. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, टमाटे, असं बाजाराचं पीक. बाबा विहिरीजवळ कागदी लिंबाच्या सावलीत खाटेवर बसायचे, फवारणीचा पंप नाहीतर विळ्याची मूठ असं काहीतरी दुरुस्त करायचे, आणि अंधार पडायच्या आत परत. लेकीच्या सासरी रात्र काढायची नाही, हा त्यांचा जुना हट्ट. भाऊ सांगायचा, सोमवारपासून बाबा विचारतात, रविवारला किती दिवस राहिले. ही गाडी बंद पडली असती तर त्यांचा रविवार गेला असता, आणि रविवार गेला असता तर माणूसच उरला नसता. मी वाढवून सांगत नाही. खाटेला खिळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता दसऱ्याचं सांगते. गेल्याच्या गेल्या वर्षीचा दसरा. बाबांना घेऊन यायचं, पुरणपोळीचं जेवण करायचं, सोनं द्यायचं, असं ठरलेलं. सकाळी माझे दोन्ही हात पुरणात. तिकडे अंगणात वाहनांची पूजा आत्याबाईंनी केली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ट्रॅक्टरला हार, मोटरसायकलला हार, फवारणीच्या पंपाला कुंकू. मग कासवगाडी. आता दुसऱ्या गाड्यांचं बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावतात, तसं आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याकडून हिचं मागचं झाकण उघडून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इंजिन मागं हाय, तं पूजाबी मागंच करा लागन. त्यांनी आत हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आपट्याची पानं ठेवली आणि झेंडूचा एक छोटा हार पंख्याच्या गोल डब्याच्या खांद्यावर घातला. मोठा हार बाहेर झाकणावर. नवऱ्यानं झाकण लावलं आणि तो मोटर सुरू करायला विहिरीवर निघून गेला.

मी तयार होऊन आले, बाहेरचा मोठा हार पाहिला, तो काढून पुढे बंपरला बांधला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. झाकण उघडून आत पाहिलं नाही. उशीर झाला होता.

पुसद रस्त्याला लागल्यावर वास यायला लागला. आधी मला वाटलं, शेतात कोणी काडीकचरा पेटवला असेल. सोयाबीनचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळणीयंत्रं चालू होती, हवेत भुसाच भुसा. मग वासात तेल मिसळलं. गाडी चढावर दम टाकायला लागली आणि समोर तेलाचा हिरवा दिवा लुकलुकला. मी तिथंच बाजूला घेऊन बंद केली. झाकण उघडलं तर तोंडावर अशी झळ आली की मी दोन पावलं मागे सरले.

शेजारच्या शेतात मळणी चालली होती. तिथली माणसं धावत आली. आपल्याकडे गाडीतून धूर निघाला की माणूस दुसरं काही विचारत नाही, पाणी आणतो. दोघांनी कॅन उचलून आणल्या होत्या. मी झाकणापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं असतं तर इंजिनाला तडाच गेला असता.

"ताई, सरका, इंजिन जयन," एक म्हातारबाबा म्हणाले.

"पानी नका टाकू बाबा. हे वाऱ्यानं थंड होते."

"वाऱ्यानं? मंग पंखा लावा की."

"पंखाच तं कोंडून राह्यला."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू उन्हानं बाईचं डोकं फिरलं असावं. पण पाणी खाली ठेवलं. मी बाबांना फोन लावला. बाबा शांतपणे म्हणाले, "हात नको लावू. दोन घंटे गार होऊ दे. मंग पट्ट्याच्या चाकाच्या नटाले पाना लाव अन हळू फिरव. फिरलं तं आपलं, नाई फिरलं तं नाई."

ते दोन तास मला अजून आठवतात. मळणीवाल्यांनी चहा दिला, मी त्यांना सोनं दिलं आणि बाबांसाठी नेत असलेल्या करंज्या वाटल्या. तोंडानं बोलत होते, पण लक्ष सगळं इंजिनाकडे होतं. इंजिन जाम झालं असेल तर या गाडीचे सुटे भाग सगळ्या जिल्ह्यात नाहीत, आणि ते घडवणारे हात आता कप धरताना थरथरतात. सगळं थंड झाल्यावर मी फोन स्पीकरवर टाकून इंजिनाशेजारी ठेवला आणि पाना लावला. आधी काहीच हललं नाही. मग आतून एक जड उसासा आला आणि चाक फिरलं.

"आयकू आलं," बाबा फोनमधून म्हणाले. "आता पंख्याच्या तोंडात काय गेलं ते पाह."

तिथं हात जेमतेम जातो. बोटांना लागला तो दोरा. ओढत गेले तर हाताएवढा दोरा निघाला, त्याला चिकटलेल्या काळ्या पडलेल्या पाकळ्या, आणि मागून अर्धं जळालेलं आपट्याचं पान. तेव्हा मला सगळं कळलं. माझं डोकं असं सणकलं की त्या मळणीवाल्यांचे आभारही धड मानले नाहीत. म्हातारबाबांनीच मला हात करून निरोप दिला.

हळूहळू अनसिंग गाठलं. बाबा टोपी घालून ओट्यावर बसलेले. त्यांनी गाडीवर हात ठेवला, सुरू करायला लावली, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "माह्या अवजाराची पेटी घे. मी तुह्याकडंच राहतो आता, हे निपटेपर्यंत." लेकीच्या घरी रात्र न काढणारा माणूस हे म्हणाला, यावरून मी काय ते समजले.

घरी आले तेव्हा आत्याबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बाबांना मी अजून खाली उतरवत होते. आणि मी तोंड उघडलं.

"आत्याबाई, देव देवघरात ठेवत जा. माह्या बापाच्या इंजिनात नका कोंबत जाऊ. आज तुमच्या हारानं त्यायले खाटेवर घातलं असतं. समजत नाई तं हात कायले लावता?"

त्यांनी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि आत गेल्या. बाबा म्हणाले, "बाई, तोंड आवर." पण उशीर झाला होता. शब्द कुठे परत येतो? माझ्या सासूनं सव्वीस वर्षांत मला एकदाही माहेरावरून बोलून घेतलं नव्हतं, आणि मी सणाच्या दिवशी, माझ्या बापासमोर, त्यांना असं बोलले. वर आणखी हे की झाकण न उघडता निघाले होते मी. अर्धी चूक माझी होती, ती मी गिळून बसले.

त्या दिवसापासून आत्याबाई कासवगाडीत बसल्या नाहीत. बाजाराला जायचं झालं तर म्हणायच्या, "मी पायी जाईन, पाय मोकये होतात." शिरपूरला त्यांच्या मावसबहिणीकडे गेल्या त्याही एसटीनं. माझ्याशी बोलायच्या, पण मोजून. मीठ आन, नळ बंद कर, एवढंच.

इकडे बाबांनी अंगणात पोतं अंथरलं आणि आमच्या हातांनी पंख्याचा डबा उघडवला. ते खुर्चीवर बसून काठीनं दाखवायचे, मी आणि नवरा नट सोडवायचो. आत पाहून त्यांनी काठी खाली ठेवली. फक्त हार नव्हता. वर्षानुवर्षांचा भुसा, कापसाची रुई, तुरीचा पाला, सगळा थर ऑइल कूलरच्या, म्हणजे तेल गार करणाऱ्या भागाच्या, जाळीत बसलेला. हारानं फक्त शेवटचा दरवाजा लावला होता. साफ करायला चार दिवस लागले. शेवटी ते मला म्हणाले, "या टायमाले वाचलं. पुढच्या टायमाले वाचनार नाई, अन माह्यानं आता हे पुन्हा होनार नाई. याच्या तोंडाले काईतरी लावा लागन."

पाचव्या दिवशी बाबांनी गाडी सुरू करायला सांगितली. मी केली. आवाज निराळाच आला, तोंडावर उशी दाबल्यासारखा. बाबांनी हात वर केला, मी बंद केली. झाकण उघडलं तर आतून फटींवर कापड ताणून बसवलेलं. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं, लुगड्याचं. कडेला बारीक टाके घालून तारेला शिवलेलं. हे कोणी केलं, ते विचारायची गरज नव्हती. माझ्या जिभेवर पुन्हा आलं होतं, पण बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ओठ मिटले.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्यात इहीण आणि इवाई, म्हणजे विहीण आणि व्याही, समोरासमोर बोलत नाहीत. निदान त्या वयाची माणसं नाहीत. एकाच अंगणात दोन हातांवर बसतील, पण बोलतील माझ्यामार्फत. आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन ओट्याच्या खांबाआड बसायच्या, बाबा लिंबाकडे पाहत बोलायचे.

बाबा लिंबाला म्हणाले, "बाई, तुह्या सासूबाईले सांग, बुद्दी बराबर हाय. कचरा अडवाचा हाय. पन वारा नाई अडवाचा. इंजिन श्वास घेते. त्यायले म्हन, एक उदबत्ती आना."

मी सांगायच्या आधीच आत्याबाई उठल्या होत्या. उदबत्ती पेटवून आणली. मी कापड काढून गाडी सुरू केली, बाबांनी खूण केली आणि आत्याबाईंनी उदबत्ती फटींजवळ धरली. धूर सरळ वर जायच्या ऐवजी वाकला आणि आत ओढला गेला. त्यांनी दुसरा हात फटीवर ठेवला आणि पाहत राहिल्या.

"ओढून राह्यली की माय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे वळून, "तुह्या बाबायले सांग, मंग कापड नाई चालत. चाळनी लागते."

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. घरातल्या सगळ्या चाळण्या ओट्यावर आल्या. पिठाची, सोजीची, गव्हाची, हरभऱ्याची. आत्याबाईंनी मूठभर सोयाबीनचा भुसा आणला आणि एकेका चाळणीवर टाकून हलवला. बाबा विचारणार, मी सांगणार, त्या उत्तर देणार, मी परत सांगणार.

"त्यायले इचार, पिठाची काहून नको?"

"आत्याबाई, पिठाची काहून नको?"

"त्यायले सांग, पिठाची दोन दिसात भरन. मंग कापड अन तिच्यात फरक काय?"

"बाबा, पिठाची दोन दिवसात भरन म्हनतात."

"आयकलं मी. हरभऱ्याची?"

"त्यायले सांग, हरभऱ्याच्या चाळनीतून काडी जाते."

मी वैतागून म्हटलं, "दोघंही बहिरे नाईत, मी पानी आनून ठेवते, बोला तुमी." दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

ठरली गव्हाची. भुसा वर राहायचा, धूळ खाली जायची. धूळ गेली तरी इंजिनाचं काही बिघडत नाही, बाबा म्हणाले, काडी आणि रुई नको. गव्हाच्या दोन चाळण्या होत्या. एक बाजारातली, स्टीलच्या पत्र्याला भोकं पाडलेली. दुसरी जुनी, पितळी तारेची विणलेली, काळी पडलेली. मी अर्थातच नवी पुढे केली. बाबांनी ती उजेडाकडे धरली आणि मान हलवली. "यात भोकापरीस पत्राच जास्त हाय. अर्धा वारा अडते. इनलेली तार पायजे."

आत्याबाई जुनी चाळणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, चाळण्या गोळा करून आत नेल्या. मला वाटलं, झालं, आता वाशीमच्या बाजारात तारेची जाळी शोधत फिरावं लागणार.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच कुठेतरी पायी गेल्या आणि अकराच्या सुमारास परत आल्या. पिशवीतून जाळी काढून माझ्या हातात दिली. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून ती जुनी चाळणी कापून, पंख्याच्या तोंडाला बेतून, पितळी काठ पुन्हा वळवून आणला होता. चार बाजूंना आकडे, म्हणजे खालून अडकवता यावी. माप त्यांनी वीत आणि चार बोटं असं हातानंच नेलं होतं. ती बसली अगदी अचूक. बाबांनी गाडी सुरू करायला लावली, मान वाकडी करून ऐकलं, उदबत्तीचा धूर आत गेलेला पाहिला आणि लिंबाला म्हणाले, "सांग त्यायले. लय मस्त काम झालं."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, बरं झालं, जुनीच होती. खरंच म्हटलं मी असं.

बाबा परत अनसिंगला गेले. रविवार पुन्हा सुरू झाले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, गाडी कुठेही तापली नाही. पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत आम्ही दीड तास मुंगीच्या पावलानं सरकत होतो, धूळ आणि पालापाचोळा उडत होता, तरी तेलाचा दिवा लुकलुकला नाही. आत्याबाई मात्र गाडीत बसल्या नाहीत. घरात त्या नव्या स्टीलच्या चाळणीनं गहू चाळायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "हिच्यानं खडे राह्यतात." मग सूप घेऊन पुन्हा निवडत बसायच्या. मी कामात असायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना तेवढंच निमित्त.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी धुवायला काढली. वर्षभराचा कचरा पाहावा म्हणून चाळणी बाहेर काढली. तिच्यावर भुसा, रुई, लिंबाची वाळकी पानं, असा बोटभर थर. आत पंख्याकडे बोट लावलं तर नुसती धूळ. एवढं सगळं तिनं बाहेर थोपवलं होतं. मी ती रॉकेलनं धुतली, आणि मनात आलं म्हणून चिंच आणि मीठ लावून काठही घासला. काळ्यातून पितळ वर आलं. आणि पितळावर ठिपके दिसले. भांड्यांवर कोरतात तसे. मी अंगठ्यानं पुसत वाचत गेले. आधी चि. सौ. कां., मग एक बाईचं नाव, मग "हिस आईक" एवढंच. पुढचा काठ कापला गेला होता.

ते नाव आमच्या घरात कोणाचंच नव्हतं. मी नवऱ्याला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

आत्याबाई ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. मी चाळणी त्यांच्यापुढे धरली.

"आत्याबाई, हे कोनाचं नाव हाय?"

त्यांनी डोळे बारीक केले, बोट फिरवलं. "माहं."

त्या सुईत दोरा ओढत म्हणाल्या, "लग्नात बदललं ना. तुह्या सासऱ्यायनं तांदयात आंगठीनं नवं लिवलं, मंग तेच राह्यलं. मायनं मले ही चाळनी देल्ती. लोक म्हने, सासरचं नाव कोर. माय म्हने, नाई, मी तिले ज्या नावानं हाका मारल्या तेच कोरीन."

"मंग कापली काहून तुमी?" मी विचारलं. "येवढं बोलली मी तुमाले. तरी कापली?"

त्यांनी हार खाली ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "माही माय तं कवाच गेली. तुहा बाप हाय अजून."

मी त्यांच्या पायांशी बसले आणि रडले. पन्नाशीची बाई, हात चिंचेनं आणि रॉकेलनं माखलेले. म्हटलं, माझं चुकलं, त्या दिवशी झाकण मी उघडलं नव्हतं, चूक माझी होती आणि बोल तुम्हाला लावले. वर्षभर जे गिळून बसले होते ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस झालं. हात धू आधी, हाराले लागन." आणि पदरानं माझं नाक पुसलं. माझं लग्न झाल्यापासून माझं नाक कोणी पुसलं नव्हतं.

लोक मला विचारतात, ही जुनी गाडी कायले ठेवली. मी सांगते, माझ्या बापाची आहे म्हणून. पण ते अर्धंच खरं आहे. माझ्या माहेरच्या गाडीत माझ्या सासूचं माहेर बसवलेलं आहे, आणि तेच तिला चालवतं. या बाईचे उपकार मी कसे फेडणार? फेडायचे नाहीतच मला. ते असू द्यावेत अंगावर.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. कुंकू झाकणाला बाहेरून, हार पुढे बंपरला. निघायच्या आधी मी झाकण उघडून पाहिलं. मग आत्याबाईंसाठी दार उघडून उभी राहिले आणि म्हटलं, चला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, नवी चप्पल घालून आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. अनसिंगला बाबांना पुढची सीट लागणार म्हणून तिथं त्या उतरून मागे गेल्या, इंजिनाच्या बाजूला. बाबांना मी बसवलं. सोनं घेतलं, सोनं दिलं, आणि आम्ही वाशीमच्या रस्त्याला लागलो.

दोघांमध्ये हातभर अंतर. थोडं पुढे गेल्यावर बाबा समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "बाई, तुह्या सासूबाईले इचार, मांगं गरम तं नाई लागत?"

मी आरशात पाहिलं. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि खिडकीबाहेर पाहत मला म्हणाल्या, "सांग त्यायले, चांगला वारा येऊन राह्यला."